आईने धुतलेली वर्दी

"हा डाग कधीपासून आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि माझा भाऊ दिनेश, सैन्यातला जवान, अठ्ठावीस वर्षांचा घोडा, उशीत तोंड लपवायला लागला.

कमरेच्या खाली, पट्ट्याच्या रेषेला लागून, हरभऱ्याच्या दाण्याएवढी काळी खपली होती. सिगरेटचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, खाजत नव्हती. शिवाय जागा अशी की दाखवायची लाज. म्हणून आधीच्या दवाखान्यात त्याने ती दाखवलीच नाही. तिथे डेंगी बघून झाला, मलेरिया बघून झाला, टायफॉइड बघून झाला. सगळं निगेटिव्ह, आणि ताप मात्र चढलेलाच.

"स्क्रब टायफस वाटतोय," डॉक्टर म्हणाल्या. "रक्ताची तपासणी पाठवते, पण रिपोर्टची वाट न बघता औषध आजच सुरू करते."

टायफस म्हटलं तरी आपल्या टायफॉइडशी याचा काही संबंध नाही. गवतात, झुडपांत माइट नावाचा किडा असतो. त्याचं पिल्लू इतकं बारीक की चावलेलं कळतसुद्धा नाही. त्याच्यातून जंतू अंगात शिरतात आणि चावल्या जागी अशी काळी खपली धरते. तिला एस्कार म्हणतात. माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही.

"पोस्टिंग ईशान्येला आहे ना? बचावासाठी काही देत नव्हते?"

"वर्दीलाच औषध असतं, मॅडम. आमच्यावर संशोधन चालू आहे."

"मग चावलं कसं?"

दिनेशने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. उत्तर त्याला माहीत होतं, मलाही. आणि ज्या माणसाला ते कधीच कळू नये असं आम्हा दोघांना वाटत होतं, ती आमची आई दाराबाहेर बाकावर बसली होती.

झालं होतं असं. सैन्यातले डॉक्टर एका औषधाचा अभ्यास करत होते. दिनेशच्या तुकडीला त्या औषधात बुडवून वाळवलेल्या वर्द्या दिल्या होत्या, शेजारच्या तुकडीला अंगाला लावायचं मलम. कुठल्या तुकडीत किडे कमी चावतात, कोण कमी आजारी पडतं, ते बघायचं होतं. वर्दी धुवायची तर थंड पाण्यात, साध्या साबणाने, हलक्या हाताने.

गणपतीला तो विक्रोळीला घरी आला. तीन दिवसांचा प्रवास करून आलेला, जेवला आणि आडवा झाला. आईने त्याची बॅग उपसली. आता आमची आई म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाबा गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले, तर त्यांच्या निळ्या शर्टाची घडी अशी असायची की कंपनीचे साहेब विचारायचे, कुठल्या लाँड्रीत देता? बाबा गेल्यावर तिच्या हाताला गणवेश उरलाच नव्हता. आणि इथे पोराची वर्दी सापडली!

"कसलो वास मारता गो ह्या कापडाक!" म्हणाली, आणि उकळत्या पाण्यात सोडा टाकून, ब्रशने घासून, खळ घालून, कडक इस्त्री करून तिने ती वर्दी दारामागच्या खुंटीला लावली. मी बघत होते. मला काय माहीत त्या वासातच सगळं होतं ते!

दिनेश उठला, वर्दी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. आई समोर उभी. "बघ, कशी झाली?"

"झकास, आई," तो म्हणाला.

मग स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाला, "वाट लागली, ताई. पण आईला काही बोलू नको हां." तिकडे गेल्यावर सांगून दुसरी घेईन, असं ठरलं होतं. पण घेतली नाही. का? तर म्हणे, "मम्मीने धुतली सांगितलं असतं तर आख्खी बराक हसली असती." डोक्याला हात लावला मी. गोळीला घाबरत नाही आणि हसण्याला घाबरतो!

दिवाळीला परत रजेवर निघाला, तेव्हा गाडीतच अंग तापलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. घाटकोपरला या डॉक्टरबाईंच्या हॉस्पिटलात त्याला आणलं तेव्हा प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, खूप उतरल्या होत्या. लिव्हरला सूज होती. संध्याकाळपर्यंत श्वासही लागायला लागला आणि आयसीयूत हलवलं.

"डॉक्सीसायक्लिन हे साधं, जुनं अँटिबायोटिक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "लवकर मिळालं तर दोनेक दिवसांत ताप उतरतो. याला थोडा उशीर झालाय. वाट बघू या."

वाट बघणं म्हणजे काय ते आयसीयूबाहेर बसलेल्यांना सांगायला नको. समोरच्या काकू जप करायच्या, कुणी मोबाइलवर गेम खेळायचं, आणि आमची आई त्या किड्याला शिव्या घालायची. "माझ्या झिलाक खाल्ल्यान मेल्यान! वाटोळा होवंदे त्या किड्याचा!" तिची प्रत्येक शिवी माझ्या काळजात जायची. मी तिचा हात धरून बसायचे आणि मनात म्हणायचे, देवा, हा वाचू दे आणि हिला कधी काही कळू नको दे.

वाचला. ताप उतरला, तेव्हा डॉक्टरबाई स्वतः बाहेर येऊन आईला म्हणाल्या, "मुलगा भूक लागली म्हणतोय." त्या बाईंचे आभार कसे मानू? सगळ्यांनी रक्त बघितलं होतं, त्यांनी माणूस बघितला. म्हणून सांगते, तापाचं निदान होत नसेल तर कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना आधी सांगा. ट्रेकिंग, गाव, जंगल, सगळं. आणि अंग दाखवायला लाजू नका. काख, जांघ, कंबर, जिथे लाज तिथेच हा किडा बसतो.

वॉर्डात आणल्यावर आई त्याला पेज भरवत होती, तेव्हा फोन वाजला. युनिटचे मेजरसाहेब, स्वतः डॉक्टर, तो अभ्यास तेच बघत होते. नागपूरकडचे, मराठी बोलणारे. दिनेशच्या हाताला सलाइन, म्हणून मी स्पीकर लावला. तब्येत विचारून झाली.

मग ते म्हणाले, "दिनेश, औषधाच्या वर्दीतला तू पहिलाच आजारी. म्हणजे हे कापड बचाव करत नाही, असं मला मांडावं लागेल. कदाचित पुढे कुणाला देणारही नाहीत. नीट आठवून सांग, वर्दीचं काही वेगळं झालं होतं? गरम पाणी, सोडा?"

दिनेशने आईकडे बघितलं. "नाही, साहेब."

माझं डोकं सणकलं. अरे, तुझ्या एका 'नाही'मुळे बाकीची पोरं त्याच गवतात साध्या कपड्यांत बसतील! पण तेवढ्यात आईचा चमचा हवेतच थांबला.

"खयची वर्दी? मी धुतलेली ती?" तिने मला विचारलं. "खरा सांग गो."

"हो, आई. तिला औषध होतं."

 आईने वाटी खाली ठेवून फोन तोंडाजवळ ओढला. "साहेब, मी ह्याची आई. ती वर्दी मी धुतलंय. उकळत्या पाण्यात, सोडा घालून, ब्रश मारून. वर खळ पण घातली. तुमचा औषध चांगला असतला. मीच घालवलंय."

 

"मावशी," साहेब म्हणाले, "थंड पाण्यात धुवा असं आम्ही जवानांना सांगितलं. जवान घरी जातो आणि घरी आई असते, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. चुकलो आम्ही. आता उकळत्या पाण्यात आणि सोड्यात ते औषध किती टिकतं, तेही तपासायला लावतो. बरं झालं सांगितलंत."

फोन ठेवला आणि मग आईचा बांध फुटला. पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. दिनेशही रडायला लागला, तसाच सलाइनसकट.

"सॉरी, आई. तुला वाईट वाटेल म्हणून..."

"शिरा पडली तुझ्या तोंडार!" रडता रडताच ती गरजली. शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठले. "माका सांगूक काय झाला होता? रडलंय असतंय तर रडलंय असतंय. रडान कोण मरता काय रे?"