घरून आणलेली प्राथमिक साधनं

नगरच्या कॉलेजात इतिहास शिकवते म्हटलं की लोक किल्ल्यांबद्दल विचारतात. माझ्याकडे किल्ल्यांचं काही नाही. दरवर्षी मी पोरांना प्रोजेक्ट देते: पुस्तक बंद करा, घरातलं किंवा गावातलं एक प्राथमिक साधन शोधा. म्हणजे ज्यानं स्वतः पाहिलं, भोगलं त्याचं बोलणं, नाहीतर त्या काळातली वस्तू. प्रोजेक्ट तपासून परत जातात, किस्से माझ्याकडेच साचतात. स्टाफरूममध्ये सांगायला घेतले की चहा गार होतो.

राहात्याच्या एकानं चुलत्याची मुलाखत आणली. ‘साधनाची विश्वासार्हता’ या मथळ्याखाली त्यानं लिहिलं होतं, ‘चुलता दारू पितो. पण सकाळी खरं बोलतो. मुलाखत सकाळी घेतली.’ पैकीच्या पैकी मार्क दिले.

एका साधनावर विसंबू नका, दुसऱ्याशी ताडून पाहा, असं मी सांगते. त्यावर एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आईचं आन् वडलांचं जुळत न्हाई. दोघं येगळी ऱ्हात्यात. तिसरं साधन मीच हाय.”

“मग तुला काय आठवतं?”

“दोघंबी रडत हुते.”

भिंगारच्या रूथचे आजोबा लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होते. तिथला एक ग्रुप फोटो घरात होता. त्यातल्या माणसांची नावं आजोबांकडून लिहून घे, म्हटलं. आजोबा हल्ली विसरतात, तरी नावं भराभर सांगत गेले. मधल्या एका तरुणापाशी बोट अडलं.

“हा कोण, आजोबा?”

“ठाऊक नाही गं. माणूस बरा दिसतो.”

रूथनं तिथे आजोबांचंच नाव लिहिलं. पुढे लिहिलं, ‘माहिती नातीकडून.’

राजूरजवळच्या एका म्हातारीच्या जात्यावरच्या ओव्या पोरींनी रेकॉर्ड केल्या. वर्षभरानं म्हातारी गेली. तिच्या मुलाचा फोन आला, “आईचा आवाज हाय का तुमच्याकडं?” मी पाठवून दिला. थोड्या वेळानं पुन्हा फोन.

“मॅडम, ही आमची आई न्हाई. आई कधी गायची न्हाई.”

“शेवटपर्यंत ऐका,” मी म्हटलं.

तो फोन न ठेवताच ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, “हां. खोकला तिचाच हाय.”

पाथर्डीकडच्या सुनीताचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. तिनं आईची मुलाखत मोबाईलवर घेतली आणि वर्गात लावली. मी दिलेले प्रश्न ती ओळीनं विचारत होती.

“गाव कोणतं?”

“तुला ठाव न्हाई व्हय?” आई म्हणाली. वर्ग हसला.

“आये, मॅडमनी विचाराय सांगितलंय. लेकरं किती?”

“चार.”

“तीन गं. आमी तिघंच हाव.”

मोबाईलमधून नुसता कोयता घासल्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

“मॅडमनी खरं लिव्हाय सांगितलंय न्हवं?” आई म्हणाली. “मग चार लिव्ह.”