आबारावांची मिशी

मी कथालेखक आहे, ही गोष्ट आमच्या घरात कोणी मनावर घेतलेली नाही.

पोटासाठी मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातल्या चुका काढायच्या आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या चुका लिहून काढायच्या, असा माझा दिनक्रम. लिहितो कंपनीच्या बसमध्ये, मोबाइलवर. चाकणच्या चौकात बस अडकली की एक लघुकथा होते. कंटेनर आडवा झाला तर दीर्घकथा! (कादंबरीसाठी मी एखाद्या उड्डाणपुलाचं काम सुरू व्हायची वाट बघतोय.)

तुम्ही का लिहिता, असं लेखकाला विचारायची पद्धत आहे. मला अजून कोणी विचारलेलं नाही, पण उत्तर तयार आहे. घरात माझं वाक्य कोणी पुरं होऊ देत नाही. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून मी लिहितो. शिवाय एका मोठ्या मासिकाच्या संपादकांनी माझी कथा परत पाठवताना 'भाषा बरी आहे' असा शेरा मारला होता. त्या शेऱ्यावर मी आजवर तग धरून आहे.

आता लेखकाला पात्र लागतं, आणि ते आभाळातून पडत नाही. ते आसपासच वावरत असतं. आपण फक्त त्याचं नाव आणि गाव बदलायचं. माझं पात्र चाकणजवळच, महाळुंग्याला राहत होतं. माझे मेहुणे, अण्णा!

अण्णा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. झुपकेदार मिशी, गळ्यात सोन्याची जाड साखळी, पांढरी जीप, जमिनीचे व्यवहार आणि स्वतःच्या मालकीचं मंगल कार्यालय. कोणाचंही लग्न असो, मंगलाष्टकं संपली की माइक अण्णांच्या हातात. मग नवरा-नवरी घामाघूम होईपर्यंत एकच गोष्ट: 'हितं कंपन्या येनार, हे म्या म्हशी राखत हुतो तवाच वळखलं हुतं.' एका लग्नात ती गोष्ट मी पुन्हा ऐकली आणि परतीच्या वाटेवर कथा लिहून टाकली. नायकाचं नाव ठेवलं आबाराव. कोणाला वाक्य पुरं करू न देणारे, एकच किस्सा जन्मभर सांगणारे, दर दोन मिनिटांनी 'आधी ऐकून घ्या' म्हणणारे आणि फोटोत मध्यभागी उभे राहणारे आबाराव! कथेचं नाव 'हॅलो, माइक चेक'.

बायकोला, मंदाला, वाचायला दिली. ती इतकी हसली की पदर तोंडात कोंबला.

"अहो, काय हुबेहूब उतरलाय माणूस!"

"ओळखलास ना?"

"न ओळखायला काय झालं? रोजचाच तो!"

"कोणाला बोलू नकोस हं."

"आता कोणाला कळायचं राहिलंय?" असं म्हणून ती पुन्हा हसायला लागली. सख्ख्या भावावर हसायला मोठं मन लागतं, असं मला तेव्हा वाटलं.

कथा आमच्या भागातल्या एका दिवाळी अंकाला दिली. (अंकाचं नाव सांगत नाही, कारण संपादक अजून माझ्याशी बोलतात.) संपादकांनी वाचून सांगितलं, "कथा झकास! जाहिरात आणताय ना?"

बाहेरच्यांना कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडचे दिवाळी अंक शुभेच्छांवर चालतात. हात जोडलेले फोटो आणि खाली 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा'. ज्या लेखकामागे जाहिरात, त्याची कथा पुढच्या पानांत. ज्याच्यामागे नाही, त्याची राशिभविष्यानंतर. आणि माझ्या ओळखीत आख्ख्या पानाची जाहिरात देणारा माणूस एकच होता.

"दाजी, तुमची गोष्ट यायची म्हनल्यावर आख्खं पान घ्या!" अण्णा म्हणाले. "फोटो मोठा टाका म्हनावं. आन शंभरभर अंक आमाला द्या, फराळासंगं गावात वाटतो."

मी आनंदात होकार दिला. ज्या माणसाची टिंगल केली, त्याच्याच पैशाने ती छापायची आणि त्याच्याच हातून गावभर वाटायची, हे माझ्या लक्षात आलं ते अंक हातात पडल्यावर.

अंक उघडला. डाव्या पानावर माझी ओळ होती, 'आबारावांची मिशी त्यांच्या आधी मांडवात शिरायची.' आणि उजव्या पानावर, हात जोडून, पानभर मिशी!

मी संपादकांना फोन लावला. "अहो, ती जाहिरात माझ्या कथेत कशी आली?"

"तुम्ही दोघं नात्यातले ना? म्हणून शेजारी ठेवले. तेवढीच आपुलकी दिसते! आणि साहेब, मी मुद्दाम—"

"आधी ऐकून घ्या! ते पान बदलता येईल का?"

"आता? अंक महाळुंग्याला पोचलेसुद्धा."

विनोद बाजूला ठेवून सांगतो, प्रश्न माझा नव्हताच. मंदाचे आईवडील लवकर गेले. अण्णांनी तिला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. तिचं माहेर म्हणजे हा एक माणूस. भाऊबीजेला तिला महाळुंग्याला जायचं असतं, म्हणून ती नवरात्रापासून साडी ठरवत असते. अण्णा रुसले तर त्या साडीला जायला जागाच उरत नाही. आणि तेही कशासाठी, तर मला बसमध्ये करमत नव्हतं म्हणून!

"मंदा, घात झाला," मी म्हणालो. "अण्णांनी कथा वाचली तर?"

"अहो, दादाचा फोन आला होता. तो म्हणत होता—"

"काय म्हणत असेल ते मला ठाऊक आहे. अंक मिळाले म्हणत असेल. तू आधी ऐकून घे. भाऊबीजेला आपण लवकर जाऊ, आणि अंक वाटायच्या आत गायब करू."

"पण दादा म्हणाला की—"

"मध्ये बोलू नकोस गं, माझी लिंक तुटते!"

मंदा चिवडा ढवळायला निघून गेली.

भाऊबीजेला आम्ही महाळुंग्याला पोचलो, तर ओसरीवर अंकांचे गठ्ठे. सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. देव पावला! मी आजूबाजूला बघितलं, दोन गठ्ठे भिंतीशी एकावर एक रचले आणि त्यांच्यावर बसलो. हलायचंच नाही, असं ठरवून.

"पाव्हणं, आवो खुर्ची घ्या की!" वहिनी, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, बाहेर आल्या.

"नको, हेच बरं आहे. कमरेला डॉक्टरांनी सांगितलंय."

"कागदावर बसायला?"

"कागद... उष्ण असतो."

आत पाट मांडला गेला, रांगोळी झाली. मंदाने अण्णांना ओवाळलं. मी ओसरीवरून मान लांब करून बघत होतो. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. हे सगळं आपल्या बुडाखाली आहे, या जाणिवेने मी गठ्ठ्यावर आणखी घट्ट बसलो.

तेवढ्यात भावकी यायला लागली. चुलते, चुलत्या, शेजारी. आणि प्रत्येकाच्या हातात अंक! म्हणजे वाटप कालच झालं होतं. मी बसलो होतो ते उरलेल्या अंकांवर.

आणि मग घरातून आवाज आला, "हॅलो... हॅलो... माइक चेक!"

अण्णा कार्यालयातला स्पीकरच घेऊन आले होते. माझ्या कथेचं नाव त्यांच्या तोंडून ऐकून सगळी ओसरी हसली. मला मात्र हसू आलं नाही.

"मंडळी," अण्णा माइकवर म्हणाले, "आपले दाजी लेखक हायेत. त्यांनी आपल्या घरातल्या मान्सावर गोष्ट लिवलीया." (मी गठ्ठ्याची सुतळी घट्ट धरली.) "आज ती त्यांच्याच तोंडून ऐकायची. उठा, दाजी!"

उठावंच लागलं. माइक हातात आला, समोर आख्खी भावकी, पहिल्या खुर्चीत अण्णा मिशीवरून हात फिरवत बसलेले. आणि त्या क्षणी माझ्यातला कथालेखक धावून आला. छापलं असेल ते असू दे, मी वाचताना बदलेन! अण्णांसारखं जे जे आहे ते काढायचं आणि तिथे सुचेल ते घालायचं.

"आबारावांची... आबारावांचा चष्मा त्यांच्या आधी मांडवात शिरायचा," मी सुरुवात केली.

"ह्यात तर मिशी लिवलीया," वहिनी अंकातल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या.

"छपाईची चूक! तर... आबारावांच्या गळ्यात..." साखळी म्हणायचं नव्हतं. गळ्यात दुसरं काय असतं? "...कंपनीचं ओळखपत्र असायचं."

"लग्नात बी?" एका चुलत्यांनी विचारलं.

"लग्नातसुद्धा," मंदा पाठीमागून म्हणाली.

ओसरी हसली. मला जरा हुरूप आला. पांढऱ्या जीपच्या जागी मी कंपनीची बस घातली. जमिनीचे व्यवहार काढून टाकले आणि आबारावांना लोकांच्या चुका काढायच्या नोकरीला लावलं. हशा वाढत चालला. मी मनात म्हटलं, वा, याला म्हणतात प्रतिभा! अण्णांचा मागमूस राहिला नाही.

शेवटी आला म्हशींचा किस्सा. तिथे मी अडखळलो. म्हशी तर वगळायच्याच होत्या, पण जन्मभर सांगायला आबारावांना एखादा किस्सा हवा. जिभेवर आला तो घेतला.

"आबाराव कुठेही गेले तरी एकच गोष्ट सांगायचे. एकदा एका मोठ्या मासिकाच्या संपादकांनी त्यांची कथा परत पाठवली, पण शेरा मारला, की..."

"भाषा बरी आहे!" सगळी ओसरी एका सुरात ओरडली.

चुलते मांडीवर थाप मारत होते. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. एक शेजारी तर उठून भिंतीला टेकून हसत होते, आणि त्यांना मी आयुष्यात एकदाच भेटलो होतो! (शेऱ्याबद्दल त्यांना सांगितलं असेन. ओळख करून देताना सांगतो मी.)

अण्णा उठले. त्यांचेही डोळे ओले होते. ते माझ्याकडे आले आणि त्यांनी मला मिठी मारली.

"दाजी, आबारावाला ती मिशी कशाला लावली हुती? आमी पयल्याच पानाला वळखलं, हे तुमीच! मंदाला फोन करून म्हनलो बी, की तुझ्या नवऱ्यानं सोताला लई बेस लिवलंय. मिशी लावून लपिवलं हुतं, आज भर भावकीत ती बी उतरवली. सोताच्या खोडीवर असं लिवायला काळीज लागतं, राव!"

"अण्णा, तसं नाही, आधी ऐकून घ्या—"

"बगा, बगा!" वहिनी ओरडल्या. "त्येच वाक्य!"

पुन्हा हशा. मी मदतीसाठी मंदाकडे बघितलं. ती भावाच्या शेजारी उभी राहून हसत होती, आणि इतकी खुशीत मी तिला क्वचितच पाहिली असेन. माहेर जागच्या जागी होतं, उलट जास्तच मजबूत झालं होतं. मला खूप बरं वाटलं आणि तितकंच वाईटही. मी गठ्ठ्यावर जाऊन बसलो.

निघताना अण्णांनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम खाली.

"दाजी, एक इनंती हाय. पुढल्या साली जाहिरात देतो, पन माझा फोटू तुमच्या गोष्टीपासनं लांब टाकाया सांगा. मिशीमुळं दोन-चार लोक मलाच आबाराव समजले. मी कवा कुनाचं बोलनं मधी तोडतो का? फुकट बदनामी व्हती, राव!"

मी त्यांना शब्द दिला.

गाडीवर मागे बसून मंदा बराच वेळ हसत होती. चिखलीच्या जवळ आलो तसा माझा बांध फुटला.

"तुला सगळं माहीत होतं, तर आधी सांगायचं ना! माझी काय अवस्था झाली असेल?"

"अहो, मी कितीदा सांगायचा प्रयत्न केला. तुम्ही—"

"मंदा, आधी ऐकून घे," मी म्हणालो.