तोलगुरुजींचं चाक

तोलगुरुजींच्या हातात काहीही द्या, ते आधी तळहातावर तोलायचे. वांगं असो, पाटी असो, शेजाऱ्याचं तान्हं बाळ असो. माझ्या गिरणीत दळणाचा डबा घेऊन आले की काट्यावर ठेवायच्या आधीच वजन सांगायचे, आणि माझा काटा निमूटपणे त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायचा. मी गिरणीवाला. सुरुवातीला मला या माणसाचा रागच यायचा. लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत ते मास्तर होते, पण त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

आमच्या दोघांत एकच भिंत. अलीकडे माझं डिझेल इंजिन, पलीकडे त्यांचं चाक. सायकलची रिम, तिला भोवताली बारा बिजागऱ्या, प्रत्येक बिजागरीला एक पट्टी आणि पट्टीच्या टोकाला जड नट. खाली येताना पट्ट्या बाहेर पसरायच्या, वर जाताना आत मिटायच्या. "लांबचं जड पडतं, जवळचं हलकं. मग ह्यानं थांबायचं कशाला?" असं गुरुजी विचारायचे. चाक मात्र चार-पाच फेरे मारून थांबायचं. नायगावला त्यांचे एक शिंपी मित्र होते, तेही घरी असंच चाक करत बसायचे. दोघांची पोस्टकार्डं चालायची. तब्येतीची चौकशी एका ओळीत, बाकी कार्डभर नट आणि बिजागऱ्या. एकदा शिंप्याचं कार्ड आलं, 'काल नऊ फेरे.' गुरुजी दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मीही हे वेड हसण्यावारी नेलं होतं. पण लातूर जिल्हा नवा नवा झाला होता त्या दिवसांत दुष्काळ पडला. गल्लीतल्या आडाचं पाणी तळाला गेलं, लाकडी कप्पी फिरता फिरेना, आणि बाया घागरी ओढून ओढून घायकुतीला आल्या. एका संध्याकाळी गुरुजींनी आपल्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, हात सवयीनं आपल्या तळहातावर घेतला, तर त्यावर टरटरून फोड. त्या दिवशी त्यांनी वजन सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, चाक आडावर बसवायचं, घागर आपोआप वर आली पाहिजे. वहिनींनी ऐकलं आणि तोवर मी ओढते की म्हणाल्या.

अंगण रांजणांनी भरून गेलेलं, म्हणून गुरुजींनी चाक आमच्या सामाईक भिंतीवर लोखंडी कांबीला बसवलं. आणि काय सांगावं, रविवारी सकाळी ते फिरायला लागलं ते थांबेचना! हळूहळू, पण दिवसभर. सगळी गल्ली लोटली. कुणीतरी नारळ फोडला. दिवेलागणीला गुरुजींनी स्वतःच सुतळी बांधून ते थांबवलं, कारण तिन्हीसांजेला चालतं काम थांबवायचं ही त्यांच्या आईची शिकवण. इकडे मीही त्याच सुमारास इंजिन बंद करून घरी जायचो. रोज हेच चाललं. नायगावला कार्ड गेलं, 'फेरे मोजणं सोडलं.'

गुरुजींनी लातूरच्या नव्या ऑफिसातल्या पाणीवाल्या साहेबांना चाक बघायला या म्हणून अर्ज केला. साहेब बाहेरगावचे. कामाच्या दिवशी जमत नाही, येळवसची सुट्टी आहे, तेव्हा येतो म्हणाले. आता येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवायला जातं, दुष्काळ असला तरी जातं. दुकानं बंद, गिरणी बंद. त्या दिवशी गल्लीतले चार-सहा लोक तेवढे चाकासाठी मागं थांबले.

साहेबांसमोर गुरुजींनी सुतळी सोडली. चाक पाच फेरे फिरलं आणि थांबलं. त्यांनी तेल घातलं, नट पुसले, पुन्हा सोडलं. पुन्हा पाच. एवढ्यात माझं लक्ष त्याच भिंतीच्या फळीवर मांडलेल्या वहिनींच्या भांड्यांकडे गेलं. एरवी माझ्या इंजिनानं ती दिवसभर खणखणायची, आज गप्प होती. मी हळूच उठलो. जाऊन एक हँडल मारलं असतं की भिंत हादरली असती, चाक फिरलं असतं, गुरुजींची लाज राहिली असती. दारापर्यंत पोचलो तर गुरुजी भिंतीवर तळहात ठेवून उभे.

"बसा शेजारी," ते म्हणाले. "इंजिन लावू नका."

मग साहेबांकडे वळले. "साहेब, हे माझ्यानं फिरत नव्हतं. ह्यांची गिरणी फिरवत होती. मला आत्ता कळलं."

मला तर रडू यायचं बाकी होतं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "चला आता रानात. भज्जी निवायला लागली."

साहेबही आले. आमच्या रानात कडब्याच्या खोपीजवळ बसून शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीवर ताकातली आंबील प्याले, आणि गुरुजींच्या बरोबर काटकीनं मातीत काहीतरी रेघोट्या मारत राहिले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आपल्या सायकलचं मागचं चाक काढलं, टायर उतरवला आणि रिम कप्पी म्हणून आडावर बसवली. वहिनींनी घागर ओढून पाहिली. लोण्यासारखी वर आली. "एवढंच आधी केलं असतं तर?" त्या म्हणाल्या. गुरुजी रिटायर होईपर्यंत बापडे पायी शाळेत गेले. नायगावला मात्र तातडीचं कार्ड टाकलं, 'तुमच्या शेजारी गिरणी नाही ना?' उलट टपाली उत्तर आलं, 'नाही. नऊच आहेत.'

गुरुजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यासारखा खरा माणूस मला पुन्हा शेजारी मिळाला नाही. गिरणीला विजेची मोटर बसली, तिनं भिंत हादरत नाही. जुनं इंजिन मी विकलं नाही, आणि वहिनींनीही भिंतीवरचं चाक उतरवलं नाही. येळवसला गिरणी बंदच असते, पण रानात निघायच्या आधी मी त्या इंजिनाला हँडल मारतो. पलीकडे आधी भांडी वाजायला लागतात. थोड्या वेळानं वहिनी भिंतीवर दोनदा थाप देतात, म्हणजे चाक फिरायला लागलं. इंजिन लावू नका म्हणाले होते गुरुजी. तेवढं एक मी ऐकत नाही.