परातीतला घट

मी आज जो काही आहे तो माझ्या मावशीमुळे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण त्यासाठी चिंचपोकळीच्या एका खोलीत आपल्या अंथरुणाशेजारी माझं अंथरूण घातलं ते तिने आणि काकांनी. तालुक्याच्या शाळेतून आलेल्या मला इंग्रजी पुस्तकं झेपत नसत. ती म्हणायची, "मोठ्यान वाच. माका कळला नाय तरी चलात."

आता मी गव्हाच्या मुळांवर संशोधन करतो. मुळांच्या पेशींत पाणी आत घेणारी प्रथिनं असतात. बारीक दारंच म्हणायची. मुळं फार वेळ पाण्यात बुडाली की त्यांना हवा मिळत नाही आणि ही दारं मिटतात. मग भोवती पाणी असूनही रोप सुकतं.

गेल्या नवरात्रात काका परळच्या इस्पितळात होते. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते. डॉक्टरांनी पाणी अगदी बेताने द्यायला सांगितलं होतं. मी गेलो की काका म्हणायचे, "इलो पाण्याचो शास्त्रज्ञ! घोटभर आण बघू." मी ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसायचो. मावशी तोंड फिरवायची.

घरी आली की ती घटाला पाणी घालायची. गावी घट बांबूच्या टोपलीत बसतो, जास्तीचं पाणी गळून जातं. इथे खालच्या खोलीत ओल उतरते म्हणून तिने माती स्टीलच्या परातीत घेतली होती. काकांना न दिलेलं सगळं पाणी त्या परातीत जात होतं. आधी गव्हाचे कोंब छान वर आले. मग पाती पिवळी पडून माना टाकू लागली.

"घरावर कायतरी येतला," मावशी म्हणाली.

"मावशी, पाणी फार झालंय. मुळांची दारं बंद झालीत."

"मगे उघड मां. इतको शिकलंस तो कशाक?"

"परात जरा कलती करूया, पाणी निघून जाईल."

"बसलेलो घट हलवूक नाय रे."

मी कापसाने टिपून निघेल तेवढं पाणी काढलं. खाली चिखल तो चिखलच राहिला. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "म्हणजे माज्याच हातान झाला?"

हो म्हटलं तर दोष तिचा. नाही म्हटलं तर देवीचा कोप. मी ओला कापूस पिळून पुन्हा परातीत टेकवला.

दसऱ्याला घट उठला. त्यानंतर थोड्याच दिवसांत काका गेले. मावशी गावी राहायला गेली. यंदा घट बसवणार नाही म्हणते, "माजो हात बरो नाय." मग मी तिला हे पत्र पाठवलं.

"मावशी,

फोनवर हा विषय काढला की तू 'जेवलंस काय?' विचारतेस, म्हणून लिहितो. प्रयोगशाळेत मी गहू मुद्दाम पाण्यात बुडवतो. दर खेपेला तो पिवळा पडतो, मान टाकतो. माझ्या हाताने असे कितीतरी ट्रे गेले. त्याने कुणाच्या घरावर काही आलं नाही. तुझ्याही हाताने आलं नाही. काकांना तू पाणी दिलं नाहीस तेही त्यांच्यासाठीच. यापलीकडे मला काही कळत नाही, आणि जे कळतं त्याने तुला झोप लागेल असंही वाटत नाही.

घट बसव. टोपलीत बसव. नाहीच बसवलास तरी मी नवरात्रात येतोय. माझं अंथरूण घालून ठेव."