वंदनेचं व्हिएतनाम आणि आमची स्टाफरूम

ज्याच्यावर आपण मनातून जळतो, त्याचे किस्से आपोआप साठत जातात. ज्याच्याबद्दल काही वाटत नाही त्याचा एक किस्सा धड आठवत नाही. आमच्या ज्युनियर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये असे किस्से एका अख्ख्या देशाचे साठले आहेत. देशाचं नाव व्हिएतनाम. आमच्यातलं कोणीही तिथं गेलेलं नाही.

गेली आहे ती माझी मैत्रीण वंदना. आम्ही दोघी आंबागडच्या किल्ल्याखालच्या एकाच मोहल्ल्यातल्या आणि एकाच बाकावरच्या. तांदूळ निवडायच्या मशिनी बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या कॅन थो शहरातल्या ऑफिसात आता ती मोठी साहेबीण आहे. मी शहापूरला अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. माझ्या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न हा, की सारखेच गरीब असलेले देश काही वर्षांनी सारखे का राहत नाहीत. एखादा भराभर वर जातो आणि दुसरा त्याच्याकडे मान वर करून पाहत राहतो. पुस्तकात याची चार-सहा उत्तरं दिली आहेत. आमच्या स्टाफरूममध्ये जास्त आहेत.

*

एकदा बारावीच्या वर्गात मी फळ्यावर दोन नावं लिहिली, भारत आणि व्हिएतनाम. म्हटलं, "तुमचा जन्म व्हायच्या आधीची गोष्ट आहे. हा देश आपल्यापेक्षा गरीब होता, युद्धानं पार मोडून गेला होता. आज तिथला माणूस आपल्याहून जास्त कमावतो. काय कारण असेल?"

पोरांनी उत्तरं दिली. लोकसंख्या कमी आहे. मोबाईलचे कारखाने आहेत. समुद्र जवळ आहे. एकच पक्ष आहे, सरकार बदलत नाही. मी प्रत्येकाला "छान" म्हणत होते. मग मागच्या बाकावरची प्रणाली उठली. ती मोहाडीकडून बसनं येते आणि सहसा तोंड उघडत नाही.

"मॅडम, त्यायच्या मॅडम इलेक्शन ड्यूटीवर जात नसतीन."

वर्ग हसला नाही. त्याचंच मला जास्त लागलं. त्या महिन्यात माझे अर्धे तास इलेक्शनच्या ट्रेनिंगमध्ये गेले होते.

स्टाफरूममध्ये येऊन मी हे काटेखाये सरांना सांगितलं. सर इतिहास शिकवतात आणि डबा अगदी सावकाश खातात. त्यांनी घास संपवला आणि म्हणाले, "पोरगी बरोबर बोलली. पण तिले सांगा, पेपरात हे लिहू नको. तपासणारे आपणच आहो."

*

वंदना अधूनमधून माझ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल करते. तिच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी झाली की आमचा दुसरा तास संपलेला असतो. तिचा चेहरा दिसला की स्टाफरूममधले सगळे माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात. बोलायचं कोणालाच नसतं. तिच्या मागे काय दिसतं ते पाहायचं असतं.

एकदा तिनं कॅमेरा खिडकीबाहेर वळवला. खाली भली मोठी नदी, नदीवर नवाकोरा पांढरा पूल, आणि पुलावरून मोटारसायकलींची रांग.

"मागच्या वेळी मी तुम्हाला खिडकी दाखवली होती ना," वंदना म्हणाली, "तेव्हा हा नव्हता."

काटेखाये सरांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि थेट गेटबाहेर चालू लागले. मी मागोमाग गेले. आमच्या कॉलेजच्या पुढे एक नाला आहे. त्यावर पुलाचे दोन खांब उभे आहेत. त्यांच्या डोक्यातून लोखंडी सळया निघाल्या आहेत आणि सळयांवर बगळे बसतात. सरांनी कॅमेरा त्या खांबांवर धरला.

वंदना बिचारी चांगल्या मनानं म्हणाली, "अरे वा सर, तुमच्याकडंही काम सुरू आहे की."

"हे काम नाही, वंदनाताई," सर म्हणाले. "हे माझ्या विषयात येते."

*

माझ्या सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्यांची पवनी तालुक्यात धानाची शेती आहे. गावच्या तलावाच्या पाण्यावर बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भिजतात, आणि पाळी कोणाची यावरून दर हंगामात अख्खं गाव तलावाच्या काठावर उभं राहून भांडतं. मामाजी त्या भांडणात सगळ्यात पुढं. एका वर्षी शेजाऱ्यानं आपल्या पाळीच्या वेळी यांची नाली दगड लावून बंद केली, तर हे त्या दगडावरच जाऊन बसले. दुपारचं जेवणही तिथंच मागवलं.

वंदना मागच्या उन्हाळ्यात माहेरी आली होती तेव्हा मला भेटायला घरी आली. मामाजी सोप्यात बसले होते. तिनं त्यांना मोबाईलमधले तिकडच्या धानाचे फोटो दाखवले. एका फोटोत कापणी चाललेली, शेजारच्याच बांधीत रोवणी, त्यापलीकडच्या बांधीत नुसतं हिरवंगार. म्हणाली, "काकाजी, तिथं लोक वर्षातून तीनदा धान काढतात."

मामाजींनी फोटो बोटानं मोठा केला. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता बियाणं विचारतील, खत विचारतील. त्यांनी विचारलं, "पाणी कोण सोडते?"

"कोणी सोडत नाही, काकाजी. सगळीकडे नहरच नहर आहेत. नदीचं पाणी आपोआपच येते."

"आपोआप?"

"हो."

मामाजींनी मोबाईल परत दिला. पान लावलं, तोंडात टाकलं. वंदनेला वाटलं त्यांना पटलं नाही, म्हणून ती अजून फोटो दाखवू लागली. तेवढ्यात ते म्हणाले, "मंग तिथचे लोक भांडतेत कायच्यावरून?"

वंदनेनं मोबाईल पर्समध्ये ठेवला. त्या संध्याकाळी जेवताना मामाजी पहिल्यांदाच म्हणाले, की तो देश काही आपल्याला जमणार नाही.

*

त्याच खेपेला वंदनेनं माझ्यासाठी तिकडचा एक रेशमी स्टोल आणला होता. मी तो मिरवायला स्टाफरूममध्ये नेला. आमच्या निमजे मॅडम मराठी शिकवतात, पण त्यांचं माहेर कोसा विणणाऱ्यांचं. भाऊ अजून हातमागावर बसतो. रेशमाचा विषय निघाला की बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं.

मॅडमनी स्टोल चिमटीत धरला आणि लगेच सोडला. "मशीनचं आहे," म्हणाल्या. "आमच्या कोशाची सर याले येत नाही."

मला जरा बरं वाटलं. वंदनेच्या वस्तूला नाव ठेवणारं कोणीतरी भेटलं होतं. मी स्टोल टेबलावर ठेवून तासाला गेले.

परत आले तर निमजे मॅडम खिडकीशी उभ्या. स्टोलची किनार उजेडात धरलेली, चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि बोटानं एकेक दोरा चाचपत चालल्या होत्या. मला पाहून दचकल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कुठं तरी चुकले असतीन म्हणून पाहून राहिली होती."

"सापडली चूक?"

"नाही ना," मॅडम अगदी दुःखानं म्हणाल्या. मग स्टोलची घडी घालून आपल्या पिशवीत ठेवली. "भावाले दाखवतो एकदा."

त्यानंतर भावाकडची दोन लग्नं झाली. मॅडम दोन्ही लग्नांत सुंदर दिसत होत्या. फोटोत खांद्यावर काय होतं ते मी ओळखलं. मागायला मात्र अजून जीभ रेटली नाही.

*

वंदना परत जायच्या आधी मी तिच्या आईकडे गेले. आम्ही दोघी मागच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली बाज टाकून बसलो. तिची आई आत आमच्यासाठी झुणका करत होती. मी पुष्कळ दिवसांपासून विचारायचं ठरवलेलं विचारूनच टाकलं.

"आपलं दोघींचं सगळं सारखं होतं. तुझे बाबा मँगनीजच्या खाणीत, माझेही खाणीत. दोघींना एकच स्कॉलरशिप, एकच होस्टेल. नोट्स तर तू माझ्याच वाचायचीस. मग तू तिथं कशी पोहोचलीस आणि मी इथंच कशी राहिले?"

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिनं विचार केला. बाजेच्या सुताशी खेळत म्हणाली, "तू सिलेक्ट झालीस ना."

आता जी माझी नोकरी आहे, त्या जागेच्या मुलाखतीला आम्ही दोघी एकाच बसनं गेलो होतो. मला ऑर्डर आली. माझ्या आईनं मोहल्ल्यात पेढे वाटले आणि पहिला पेढा वंदनेच्या घरी नेला.

"मी तो पेढा खाल्ला नव्हता," वंदना म्हणाली. "न्हाणीत जाऊन रडली होती मी. तुझी परमनंट नोकरी, पेन्शन, घराजवळची. मला दुसरं काहीच मिळेना, म्हणून नागपूरची ती मशीन कंपनी धरली. त्यांनी विचारलं, बाहेरदेशी कोण जाते? कोणीच हात वर केला नाही. माझ्याकडं इथं सोडण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी केला."

मी म्हटलं, "मला विचारलं असतं तर?"

"तुले घरच्यांनी जाऊ दिलं असतं का? पक्की नोकरी सोडून?"

तेवढ्यात तिच्या आईनं आतून जेवायला हाक मारली. झुणका छान झाला होता, पण मला काही चव लागली नाही.

घरी येऊन मी हे सगळं आमच्या मिस्टरांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे ती तुझ्या नोकरीवर जळत होती?"

"हो, तेव्हा."

"आणि आता?"

"आता कशाला जळेल ती?"

ते दिवा मालवायला उठले. मग म्हणाले, "थोडी तरी जळायले पाहिजे होती."

*

या हिवाळ्यात वंदना पुन्हा आली, ती कामासाठी. सोबत तिची तिथली बॉस होती, हान मॅडम. दोघी आपल्याकडच्या राइस मिल पाहत फिरत होत्या. वंदनेनं फोन केला, "हायवेवरूनच चाललो आहो. तुमच्याकडं चहा प्यायला येऊ का?"

स्टाफरूममध्ये धावपळ उडाली. निमजे मॅडमनी घरून टेबलक्लॉथ मागवला. आमच्याकडे एक मोडकी खुर्ची आहे. पाहुणीला ती दिसू नये म्हणून काटेखाये सर स्वतःच तिच्यावर बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

हान मॅडम पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, साध्या शर्टातल्या. सकाळपासून मिलमध्ये भुशातून फिरून आलेल्या, तरी बूट पांढरेस्वच्छ. माझं लक्ष राहून राहून त्या बुटांकडे जात होतं. त्याहून जास्त वंदनेकडे. कॉलेजात इंग्रजीचं एक वाक्य बोलताना अडखळणारी ही मुलगी आता मान वाकवून, हसत हसत, त्या बाईशी व्हिएतनामी बोलत होती. पूल, धान, रेशीम सगळं मी सोसलं होतं. हे मला सोसवेना.

चहा झाला. हान मॅडमनी काहीतरी विचारलं आणि वंदनेनं मराठीत सांगितलं, "मॅडम म्हणतात, तुमच्याकडे पाणी आहे, जमीन आहे, शिकलेली माणसं आहेत. मग अडते कुठं?"

हे विचारायला नको होतं.

काटेखाये सरांनी जिल्ह्यापासून सुरुवात केली. इथल्या पुढाऱ्यांचं झाल्यावर ते मुंबईला गेले आणि मुंबईचं उरकून थेट दिल्लीला पोहोचले. एकालाही सोडलं नाही. निमजे मॅडम म्हणाल्या, "आधीचे काय धुतल्या तांदळाचे होते?" आणि त्यांनी आधीच्यांना घेतलं. मग मला राहवेना. मी बजेटवर घसरले. आमचे शिपाई राजूभाऊ कप न्यायला आले होते, ते ट्रे धरून तिथंच थांबले. म्हणाले, "आमदार आमच्या गावात आला होता, तं मी त्याले तोंडावर सांगतलो. म्हटलो, पुढच्या खेपेले दिसू नको." सरांनी टेबलावर हात आपटला. सगळे एकदम बोलत होतो. वंदना हान मॅडमच्या कानाशी भाषांतर करत होती, पण तिला आमचा वेग झेपत नव्हता.

मध्येच हान मॅडम उठल्या. व्हरांड्याकडचं दार त्यांनी हळूच लावून घेतलं. मग खिडकीही लावली. मला वाटलं, बाहेरची धूळ सोसत नसेल. ओशाळून मी टेबलावरची धूळ पुसू लागले. बाकीच्यांचं लक्षच नव्हतं. सर पुन्हा दिल्लीत गेले होते.

शेवटी सगळे दमले. राजूभाऊंनी कप उचलायला सुरुवात केली. तेव्हा हान मॅडम वंदनेकडे झुकल्या आणि अगदी हळू आवाजात काहीतरी विचारलं.

वंदनेनं भाषांतर केलं नाही. ती कपाकडे पाहत राहिली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही."

"सांग ना वं. आम्हाला वाईट नाही वाटणार."

वंदनेनं एकदा हान मॅडमकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग म्हणाली, "त्या विचारतात, हे सगळे जण उद्या इथं असतील ना?"

 काटेखाये सरांनी चष्मा नीट केला, पाहुणीकडे वळले आणि मोठ्या अदबीनं म्हणाले,

"उद्या? उद्या तं संडे आहे ना, मॅडम."