मधलं नाव

ती पितळी पाटी मला आजही अक्षरन् अक्षर आठवते. घाटकोपरच्या एका चौकातल्या शहीद स्मारकावरची. सव्वीस जानेवारी आठवड्यावर आली होती आणि पाटी गायब! वरून फोनवर फोन. शिपाई म्हणाला, "साहेब, गर्दुल्ल्यांचं काम. आतापर्यंत वितळलीसुद्धा असेल."

मला ते पटेना. पंचनाम्याच्या वेळी चौथऱ्यावर कागदाची पुडी सापडली होती. तिच्यात चारही स्क्रू. चोर इतका टापटिपीचा नसतो.

आम्ही भंगारवाल्यांची दुकानं पालथी घातली. खबर आली ती कुर्ल्यातल्या पाट्या कोरणाऱ्याकडून. "साहेब, एक आजोबा आलेत. पितळेची पाटी आहे, एकच शब्द बदलून पाहिजे म्हणतात. गडबड वाटते मला."

आजोबा गिरणीतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. त्यांना पाटीसकट पोलीस ठाण्यात आणलं. मी जबाब लिहायला घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "पूर्ण नाव?"

त्यांनी सांगितलं. आडनाव पाटीवरचंच होतं.

"शहिदाचे कोण तुम्ही?"

"बापूस."

मी पाटी पुन्हा वाचली. मुलाचं नाव, आडनाव बरोबर. मध्ये बापाच्या जागी भलत्याच माणसाचं नाव होतं.

"अर्ज देवन देवन दमलंय साहेब," ते म्हणाले. "माका चोर म्हणा, चलात. पण माझो झील दुसऱ्याच्या नावार कित्याक?"

मला लाज वाटली. दरवर्षी त्याच पाटीला मी कडक सलाम ठोकत होतो. वाचली कधीच नव्हती.

लबाडीचा हेतू नाही, असा अहवाल मी कोर्टाला पाठवला. वॉर्ड ऑफिसला स्वतः जाऊन बसलो. इतकी वर्षं न हललेली फाइल दोन दिवसांत हलली, कारण आता सोबत पोलिसांचं पत्र होतं. सरळ माणूस वाकडं पाऊल टाकतो, तेव्हा आधी त्याचे अर्ज कुठे धूळ खात पडलेत ते बघावं, हे मी तिथं शिकलो.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. नव्या पाटीसमोर आजोबा उभे होते. त्यांना अक्षरं नीट दिसत नव्हती. म्हणाले, "साहेब, वाचा."

मी मोठ्यानं वाचू लागलो. मधलं नाव उच्चारलं, तेव्हा आजोबांनी छातीवर हात ठेवला.

"होय," ते म्हणाले, "तो मीच."