नाणेघाटाच्या पायथ्याशी एक दुपार

या सहलीचा बेत शालिनीचा, म्हणजे माझ्या बायकोचा. मागच्या उन्हाळ्यात तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बिछान्यावर पडल्या पडल्या तिनं नातवाच्या जुन्या वहीत पाच दिवसांचा कार्यक्रम लिहून काढला होता. दोन दिवस मुंबई, त्यात समुद्र, राणीची बाग आणि वस्तुसंग्रहालय. मग शहापूर-मुरबाडकडचे डोंगर. शेवटच्या ओळीखाली तिनं दोनदा रेघ मारली होती : ‘नाणेघाट, पायी.’

डॉक्टरांना मी मुद्दाम तिच्यासमोरच विचारलं. ते म्हणाले, “चालू द्या की. दमल्या तर बसतील.” ते नको म्हणतील, ही माझी आशा संपली. डिसेंबरात एका संध्याकाळी आम्ही उदगीरहून गाडीत बसलो. माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा गोळ्याच जास्त होत्या.

मुंबईचे दोन दिवस छान गेले. राणीच्या बागेत पेंग्विन पाहताना शालिनी काचेला नाक लावून उभी राहिली. वस्तुसंग्रहालयात जुनी नाणी पाहताना तिथल्या माहितीफलकाची तिनं वहीत नक्कल करून घेतली. “ही नाणी ज्या व्यापाऱ्यांनी वापरली, तेच नाणेघाटातून चढत असतील,” ती म्हणाली. मी दर अर्ध्या तासानं विचारत होतो, “बरं वाटतंय ना?” ती दर वेळी मान हलवायची. दुसऱ्या दिवशी तिनं मान हलवणंही सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उशिराच्या रिकाम्या गाडीनं आसनगावला उतरलो. तिथून रिक्षानं शहापूरच्या पुढे, एका शेतातल्या घरगुती मुक्कामाला. समोरच माहुलीचा डोंगर. त्याचे सुळके इतके जवळ वाटत होते की चहा पिताना मान वर करून बसावं लागलं. भातकापणी उरकली होती. खळ्याखळ्यावर उडवी (भाताच्या पेंढ्यांची रचलेली गंजी) उभी होती आणि हवेला वाळल्या पेंढ्याचा गोडसर वास होता. आमच्याकडच्या काळ्या, सपाट रानातून आलेल्या माणसाला इथली जमीन सतत चढ-उतार करताना दिसते, नजरेला कुठे टेकायला मिळत नाही.

चौथ्या दिवशी उजाडताच जीप केली. किन्हवली, सरळगाव करत टोकावड्याला पोहोचलो तेव्हा गारठा होता. एका ढाब्यावर चहा घेतला. माळशेजकडे जाणारी एसटी धुकं कापत निघून गेली. तिथून थोडं पुढे, रस्त्याच्या उजव्या हाताला नाणेघाटाची पायवाट सुरू होते. जीपवाला म्हणाला, “दुपारला इथंच हाय मी. टाइम घ्या आरामात.”

वाटेच्या तोंडाशी एक बाई भेटली. खांद्यावर दोरी, हातात कोयता. पलीकडच्या पाड्यावर (डोंगराकडेच्या छोट्या वस्तीवर) राहणारी, नाव चांगुणा. ती लाकडं गोळा करायला रानात निघाली होती. आम्हाला पाहून तिनं चाल हळू केली.

“कुठून आलाव?”

“उदगीरहून,” शालिनी म्हणाली.

“लांब हाय का?”

“एक रात्र गाडीत.”

“अगो बाय!” चांगुणाबाई हसली, आणि मग दोघी बोलत पुढे निघाल्या. मी मागून शालिनीचे श्वास मोजत चाललो.

पाऊण तास वाट जंगलातून, बऱ्यापैकी सपाट होती. मग दगडांचा चढ लागला. दहा-पंधरा पायऱ्या चढल्यावर शालिनी थांबली, एका रुंद खडकावर बसली आणि घाम पुसून म्हणाली, “बास. माझा घाट इथपर्यंत.”

मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. “चल, परत फिरू,” मी म्हणालो.

“तुम्ही जा वर. गुहा बघा, लेख बघा. दोघांनी खाली बसून काय करायचं?”

“तुला एकटीला सोडून?”

“एकली कशी?” चांगुणाबाई कोयता खाली ठेवत म्हणाली. “मी हाय ना. तुमी जा, बाबा.”

मी गोळ्यांची पुडी शालिनीच्या हातात दिली, कोणती कधी घ्यायची ते पुन्हा सांगितलं आणि निघालो. वळणावरून मागे पाहिलं, तर तिचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

नाणेघाट मी पाहिला, म्हणजे त्याच्यातून गेलो. दोन हजार वर्षांपूर्वीची गुहा, भिंतीभर कोरलेली ब्राह्मी अक्षरं, वर खिंडीत घुमणारा वारा, तोंडाशी दगडी रांजण. कड्यावरून सगळं कोकण निळसर धुक्यात पसरलेलं. वीस वर्षं मला हे बघायचं होतं. पण मी तिथं दहा मिनिटंही टेकलो नाही. मोबाइलला रेंज नव्हती आणि मन खालच्या खडकाशी होतं.

उतरून खडकापाशी आलो, तर तिथं कुणी नव्हतं. खडकाच्या मधोमध आमची पाण्याची बाटली तेवढी उभी होती.

मी हाका मारल्या. रान गप्प. पुन्हा मारल्या. तिला काही झालं असेल, त्या बाईनं तिला उचलून पाड्यावर नेलं असेल, असं सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं. मी जवळजवळ पळतच सुटलो. एका ओल्या दगडावर पाय घसरला, तळहात सोलपटला, विजार गुडघ्यावर फाटली. खाली एक म्हातारे गृहस्थ गुरं वळत होते.

“बाबा, दोन बाया पाहिल्या का? एक शहरातली, आजारी आहे.”

त्यांनी काठीनं पाड्याची वाट दाखवली. “दोन बाया गेल्या पाड्यावर. पन आजारी कोनी नव्हती. हासत होत्या.”

चांगुणाबाईचं घर कुडाचं, अंगण सारवलेलं. आत चुलीपुढे शालिनी मांडी घालून बसली होती. हातांना पीठ, तोंडावर जाळाची झळ, आणि तव्यावर नकाशासारखी फाटलेली तांदळाची भाकरी. चांगुणाबाई पोट धरून हसत होती.

“अगं, तिथंच बसायचं ठरलं होतं ना!” माझा आवाज चढला.

“बाटली ठेवली होती की खूण म्हणून.”

“बाटलीवरून मी काय समजायचं?”

शालिनीनं माझा हात पाहिला, गुडघा पाहिला. “घाबरलात?”

“मग!”

ती उठली, गडूतलं पाणी माझ्या तळहातावर ओतलं. मग हळू आवाजात म्हणाली, “सहा महिन्यांत आज पहिल्यांदा मला कुणी बरं वाटतंय का म्हणून विचारलं नाही. हिनं विचारलं, भाकरी येते का. मी म्हटलं, येते. ज्वारीची येते हो, पण हे पीठ ऐकतच नाही.”

घरी मी आणि सुनेनं तिला पाण्याचा तांब्याही उचलू दिला नव्हता. ते प्रेमच होतं. पण त्या प्रेमात ती किती गुदमरली होती, हे मला एका परक्या चुलीसमोर उभं राहून कळलं.

“अगो, बाबाला बसाया पाट दे,” चांगुणाबाई शालिनीला म्हणाली, जणू घर शालिनीचंच. शालिनीनं पाट मांडला. सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी), वालाच्या शेंगांची भाजी आणि ती फाटकी भाकरी. दुसरी भाकरी थोडी गोल झाली, तिसरी चांगली फुगली. ती मलाच मिळाली. निघताना चांगुणाबाईनं कागदात बांधून वाल दिले. शालिनीनं आपल्या अंगावरची शाल तिच्या खांद्यावर घातली. नको-हो बरंच चाललं, शेवटी शाल तिथंच राहिली.

जीपमध्ये शालिनीला झोप लागली. मी तिला उठवून काही विचारलं नाही.

आता घरी परतून महिना होत आला. शेजारीपाजारी येतात, विचारतात, “चढलात का नाणेघाट?” शालिनी म्हणते, “हे चढले. मी खालीच राहिले.” मग मी गुहेबद्दल, अक्षरांबद्दल सांगतो. ते पाच मिनिटांत संपतं. त्यानंतर ती ओलं पीठ हातावर कसं थापायचं ते सांगू लागते, आणि मंडळी पुढे सरकून बसतात. मीही सरकतो. तिच्या बोलण्यात दर वेळी काहीतरी निघतं, जे मी पाहिलेलं नसतं.

काल मात्र ऐकणाऱ्यांसाठी चहा ठेवायला मी उठलो, तर ती म्हणाली, “बसा तुम्ही.” ती आधण ठेवायला आत गेली. मी बसलो.